शेऱ्याचा रकाना

“नापास करायला कारण लागतं, साहेब, आणि ते या पेटीत नाही,” असं म्हणून त्याने हातातली कडी टेबलावर ठेवली आणि बोटांवरचं तेल फडक्याला पुसलं.

राजधानीहून आलेला अधिकारी हसला. हसू त्याच्या बुटांइतकंच चकचकीत होतं. “नीट बघा ना. बघितलं की सापडतं.”

“तीन दिवस बघतोय. नियमाने वीस कड्या तपासायच्या, मी साठ तपासल्या. एकीलाही नाव ठेवायला जागा नाही.”

“साठ? साठ का?”

“त्याचं कारण फायलीत लिहिलंय,” तो म्हणाला. बोलून गेला आणि पुढची कडी उचलली. धोंडा त्याने असा सहज आपल्या हाताने उचलला होता. तो पडला मात्र दुसऱ्याच्याच पायावर, आणि ते कळायला अजून दोन दिवस होते.

कड्या पोलादी होत्या, तळहाताएवढ्या. पॅराशूटचे पट्टे छातीशी जिथे एकत्र येतात तिथे ही कडी बसते. विमानातून उडी मारलेला शिपाई जमिनीला पाय टेकेपर्यंत तिच्या भरवशावर लटकलेला असतो. शेजारच्या देशातल्या एका कारखान्यात त्या बनत आणि दर तीन महिन्यांनी ट्रकने या लष्करी डेपोत येत. इथल्या तपासणी खोलीत त्या मोजल्या जात, ताणल्या जात, आणि खात्री पटली की तपासनीस त्यांच्या कागदावर आपला शिक्का उठवी. शिक्क्यावर नाव नसे, नुसता नंबर. याचा नंबर चौदा. म्हणून अख्खा डेपो त्याला ‘चौदावं रत्न’ म्हणे. नवीन आलेला माणूस विचारी, एवढे गुणी आहेत का हो? जुने सांगत, गुणी आहेतच, पण नाव त्यासाठी नाही पडलेलं. माल परत न्यावा लागलेल्या पुरवठादाराचं तोंड एकदा बघ, मग कळेल चौदावं रत्न म्हणजे काय.

आता शेजाऱ्यांच्या मालात कारण शोधायची वेळ का आली, तेही सांगायला हवं. दोन्ही देश सख्खे शेजारी, जुने दोस्त, एकमेकांच्या रक्षणाच्या शपथा घेतलेले. पण त्या हिवाळ्यात शेजाऱ्यांनी आपल्या सिमेंटवर आणि लाकडावर दुप्पट कर बसवला. आपण त्यांच्या यंत्रांवर बसवला. मग पुन्हा ते, मग पुन्हा आपण. यापेक्षा दोन जावांचं भांडण परवडलं, तिथे निदान सासू मध्ये पडते. लष्करी खरेदीला मात्र हात लावायचा नाही, असं करारातच होतं. ठरलेला माल घ्यायचाच. न घ्यायला एकच वाट होती, माल नापास झाला पाहिजे. ती वाट काढायला हा चकचकीत बुटांचा माणूस आला होता.

आणि पलीकडे होता सत्तावीस.

कारखान्यातून माल निघण्यापूर्वी तो तपासणारा जो माणूस, त्याच्या शिक्क्याचा नंबर सत्तावीस. लष्करी माल असल्यामुळे तपासनिसाचं नाव कुठल्याच कागदावर यायचं नाही असा नियम. एकोणीस वर्षं हे दोघे एकमेकांना नंबराने ओळखत होते. तोंड पाहिलेलं नाही, आवाज ऐकलेला नाही. “काय म्हणतायत तुमची सत्तावीस नक्षत्रं?” असं बायको विचारी, आणि याच्याकडे सांगायला नेहमी काहीतरी असे.

मालासोबत एक तपासणी-पत्रक येत असे. त्यातला शेवटचा रकाना शेऱ्याचा. तपासनिसाला नोकरीच्या पहिल्या दिवशी शिकवतात की शेरा नसेल तर त्या रकान्यात पट्टी लावून आडवी रेघ मारायची, म्हणजे मागाहून कोणी त्यात काही घुसडू शकत नाही. कोरी जागा म्हणजे उघडं दार. एकोणीस वर्षांपूर्वी सत्तावीसचं पहिलं पत्रक आलं तेव्हा त्याने अर्ध्या रकान्यात लिहिलं होतं, ‘माल ठीक. इकडे थंडी कडाक्याची.’ आणि खालचा अर्धा रकाना तसाच मोकळा सोडला होता. याच्या कपाळावर आठ्या चढल्या. काय हा गबाळेपणा! रेघ मारायला म्हणून त्याने पेन उचललं, आणि कसं कोण जाणे, लिहिलं, ‘पोचला. इकडेही तीच. जपून असा.’ पत्रकाची एक प्रत परत जायची असे, ती गेली. तेव्हापासून वरचा अर्धा रकाना सत्तावीसचा, खालचा याचा.

रकाना तो केवढा, दोन बोटांचा. पण तेवढ्यात एकोणीस वर्षं मावली. ‘दाढ काढली. आता माझ्यातच एक नग कमी.’ ‘मुलगी परीक्षेत नापास. मीच तपासली असती तर पास केली नसती.’ एका पत्रकावर नुसतं, ‘बायको गेली. माल ठीक.’ त्या दिवशी याने पेन हातात धरून अर्धा तास काढला आणि शेवटी लिहिलं, ‘आम्ही दोघं आहोत.’ आम्ही दोघं म्हणजे हा आणि याची बायको. तिनेच सांगितलं होतं तसं लिहायला.

वर्षातून एकदा डेपोचं मास्टर गेजही पलीकडे जाई. हा पोलादाचा एक गुळगुळीत, बोटभर लांबीचा तुकडा, सगळी मापं शेवटी ज्याच्याशी ताडून बघायची तो. दोन्हीकडचं माप एकच राहावं म्हणून सत्तावीस तो मोजून, पत्रकावर आकडा लिहून परत पाठवी. गेजला ओरखडा जाऊ नये म्हणून याच्या बायकोने फ्लॅनेलची पिशवी शिवली होती, तोंडाला नाडी असलेली. या वर्षीचं गेज महिनाभरापूर्वीच तिकडे गेलेलं होतं.

आणि या वेळच्या पेटीत पत्रकाखेरीज घडी केलेली एक चिठ्ठी होती. असं कधी झालं नव्हतं.

‘चौदा, एक सांगून ठेवतो. या लॉटच्या वेळी आमच्या भट्टीचा काटा एक दिवस अडकला होता. तापमान किती गेलं ते नक्की सांगता येणार नाही. नियमाप्रमाणे कळवण्याइतकी ही बाब नाही. तरी त्या दिवसाची प्रत्येक कडी मी स्वतः ताणून पाहिली आहे. सगळ्या ठणठणीत. पण तुम्हाला माहीत असावं. तुमच्यापासून झाकून पास करणं मला जमायचं नाही.’

म्हणून याने विसाच्या जागी साठ कड्या तपासल्या. तपासलेल्या प्रत्येक कडीवर त्याच्या सवयीप्रमाणे पेन्सिलीचा एक ठिपका दिला. साठच्या साठ पास. पण उद्या कोणी विचारलं, साठ का, तर? याने जन्मात एकही कागद फाडला नव्हता. दुसरा कोणी असता तर चिठ्ठी वाचून खिशात टाकता, घरी जाऊन विसरता. याने फायलीत लिहिलं, ‘जादा तपासणीचं कारण, सोबतची चिठ्ठी,’ आणि ती टाचणीने लावून ठेवली. त्याच्या लेखी ती चिठ्ठी म्हणजे त्या मालाच्या खरेपणाचा सर्वांत मोठा पुरावा होता. कागद कसा वाचायचा हे सगळ्या जगाला आपल्यासारखंच कळतं, असं समजणारी माणसं असतात. हा त्यातला.

अधिकारी निघून गेला. तिसऱ्या प्रहरी डेपोचे साहेब स्वतः तपासणी खोलीत आले. बोलावून न घेता स्वतः आले, तेव्हाच खरं म्हणजे याने ओळखायला हवं होतं.

साहेब आता साहेब होते. त्याआधी अकरा वर्षं याच्या शेजारच्याच टेबलावर बसत. मायक्रोमीटर कसा धरायचा ते याने त्यांना शिकवलेलं. दहाव्या वर्षी त्यांच्या हातून मास्टर गेज फरशीवर पडलं होतं. तेव्हा चौकशीत याने नुसतं सांगितलं, “माझ्या टेबलावरून पडलं.” याची बढती त्यात हुकली आणि पुढच्या वर्षी त्यांची झाली. याने कधी तो विषय काढला नाही. चारचौघांत तो त्यांना साहेब म्हणे, दोघेच असले की अरे-तुरे चाले.

“रत्ना, तो माणूस तुला नडणार,” साहेब स्टूल ओढून बसत म्हणाले. “म्हणतो, साठ तपासल्या म्हणजे ह्याला काहीतरी संशय होता, आणि आता हा झाकतोय.”

“झाकतोय? मी?”

“मी त्याला तेच म्हटलं. म्हटलं, हा माणूस स्वतःच्या बापाचा चष्मासुद्धा मोजून घेईल. पण नुसत्या तोंडाने काय भांडू? फाईल दे. कागद हातात असला म्हणजे बोलता येतं.”

“आत एक चिठ्ठी आहे, सत्तावीसची. ती वाच आधी. वाचलीस की कळेल तुला, माणूस किती खरा आहे.”

“तेच तर पाहिजे,” साहेब म्हणाले.

“जपून हं. खाजगी आहे तशी.”

“अरे, मी काय परका आहे?”

त्याने कपाट उघडलं, फाईल काढली, वरची धूळ हाताने झटकली आणि दिली. उलट त्याला हलकं वाटलं. संध्याकाळी घरी बायकोला म्हणाला, “शेवटी आपला माणूस तो आपला माणूस.”

दोन दिवसांनी सकाळी स्टोअरच्या बाई वर्तमानपत्र घेऊन आल्या. एरवी त्या दारातूनच ओरडत, आज टेबलापर्यंत आल्या आणि पेपर उलटा ठेवून उभ्या राहिल्या. “रत्नभाऊ, बसून वाचा,” एवढंच म्हणाल्या.

पहिल्याच पानावर चिठ्ठीचा फोटो होता. टाचणीची दोन भोकंसुद्धा दिसत होती. वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘पॅराशूटच्या कड्या सदोष: शेजाऱ्यांच्या तपासनिसाचीच लेखी कबुली.’ त्याने चिठ्ठी वाचली. ‘भट्टीचा काटा एक दिवस अडकला होता. तापमान किती गेलं ते नक्की सांगता येणार नाही.’ तिथे फोटो संपत होता. ‘ठणठणीत’ कुठे नव्हतं. ‘तुम्हाला माहीत असावं’ कुठे नव्हतं. त्याने पान उलटून पाहिलं, उरलेली मागे असेल म्हणून. मागे हवामान होतं. बातमीच्या शेवटी लिहिलं होतं की, तपासनीस क्रमांक चौदा यांनी सादर केलेल्या पुराव्यावरून संपूर्ण माल नापास करण्यात आला आहे.

सादर केलेल्या. तो तेवढे दोनच शब्द पुन्हा पुन्हा वाचत राहिला. हा पेपर सीमेपलीकडेही जातो. सत्तावीसनेही आज सकाळी वाचला असणार, आपलंच अक्षर आणि खाली हा नंबर.

तो साहेबांच्या खोलीत गेला. दार त्याने आपल्यामागे लावून घेतलं.

“साहेब, तुम्ही चिठ्ठी अर्धी छापायला दिलीत.”

साहेबांनी मान वर केली. “बस. आणि हे तुम्ही-बिम्ही काय? दार बंद आहे.”

“उभा बरा आहे.”

“अरे, माझ्या हातात होतं का ते? वरून फोनवर फोन. त्यांना कारण हवं होतं, ते तुझ्या फायलीत होतं. आणि तुला मी अलगद बाहेर ठेवलाय, बघ ना. सही आहे का तुझी कुठे? शिक्का आहे?”

“नंबर आहे.”

“नंबर काय, नंबराला कोण विचारतंय? देशाचं काम होतं, रत्ना. दोन महिन्यांत मिटेल सगळं, लिहून घे.”

“आणि त्याचं काय?”

“कोणाचं?”

“सत्तावीसचं.”

“नाव काय त्याचं?”

एकोणीस वर्षांत नाव विचारायचं राहूनच गेलं होतं. खरं म्हणजे कधी लागलंच नव्हतं.

“बघ,” साहेब मऊ आवाजात म्हणाले, “नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, आणि जीव टाकतोयस. कोण कुठला माणूस तो!”

“गेज पडलं तेव्हा तुमचंही नाव मी कोणाला सांगितलं नव्हतं, साहेब,” तो म्हणाला आणि दार उघडून बाहेर आला. पुढे निवृत्त होईपर्यंत त्याने त्या माणसाला पुन्हा एकदाही ‘तू’ म्हटलं नाही.

दुपारी त्याने आयुष्यात पहिल्यांदा पलीकडच्या कारखान्याला फोन लावला. तपासणी विभाग मिळाला. एका तरुण बाईचा आवाज होता, थोडा वेगळ्या हेलाचा.

“सत्तावीस नंबरांशी बोलायचं होतं.”

“तो शिक्का घासला,” ती म्हणाली.

याला समजावून सांगावं लागलं नाही. तपासनिसाला काढून टाकलं की त्याच्यादेखत शिक्क्याचं तोंड कानशीने घासून सपाट करतात, पुन्हा कोणी वापरू नये म्हणून. आपल्या खोलीत हे काम त्याने स्वतः दोनदा केलं होतं. पितळेचा भुगा टेबलावर पडतो, तो फुंकर मारून उडवावा लागतो.

“त्यांचा घरचा पत्ता...”

“आपण कोण?”

‘चौदा’ म्हणायला त्याची जीभ रेटेना. त्याने फोन ठेवला.

घरी बायकोने ताट वाढलं, ते तसंच राहिलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तुम्ही कुठे काही केलंत? तुम्हालाच फसवलं त्यांनी.”

“मला फसवलं ते माझं मला. पण त्यांना मी फसवलं, असंच वाटणार ना? त्यांच्या जागी मी असतो तर मलाही तेच वाटलं असतं.”

तिने ताट उचललं.

साहेबांचा हिशेब थोडा चुकला. दोन नव्हे, दीड महिन्यातच मिटलं. टीव्हीवर दोन्हीकडचे पुढारी एका लांबलचक टेबलामागे उभे राहून हातात हात घालून हसत होते. सिमेंटवरचा कर उतरला, यंत्रांवरचा उतरला. कड्यांच्या बाबतीत ‘तांत्रिक गैरसमज दूर झाला’ असं पत्रक निघालं. ते वाचून दाखवणाऱ्या निवेदिकेच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. रेड्यांच्या झुंजीत झुडपं तुडवली जातात, पण रेडे पुन्हा एका कुरणात चरायला लागले की झुडपांची आठवण कोणाला असते?

पुढच्या आठवड्यात ट्रक आला. पेट्या उतरल्या, त्याने पहिली उघडली, आणि वरचीच कडी उचलून उजेडात धरली. कडेला पेन्सिलीचा ठिपका होता, त्याचाच. तोच माल परत आला होता, नखाइतकाही बदल नसलेला. मागच्या वेळी देशाला धोका होता तो, आता दोस्तीची खूण झाला होता.

साहेबांनी शिपायाकरवी निरोप पाठवला की आजच्या आज शिक्का पाहिजे. त्याने वीस कड्या घेतल्या, नियमाप्रमाणे. मोजल्या, ताणल्या. त्या चांगल्या होत्या, आधीही चांगल्याच होत्या. एकदा वाटलं, नाही मारत शिक्का, काय करायचं ते करा. पण मालाचा काय दोष? आणि ज्याने तो पास केला होता त्याला खोटं पाडणारा आपणही एक व्हायचं का? त्याने शिक्का उचलला आणि सरळ, ठसठशीत उठवला. मालासोबतचं पत्रक नव्या माणसाचं होतं, नंबर त्रेसष्ट. शेऱ्याच्या रकान्यात रेघ. त्याचं त्याला काही वाटलं नाही. नवा माणूस रेघ मारणारच.

पेट्यांच्या तळाशी फ्लॅनेलची पिशवी होती. डेपोचं मास्टर गेज परत आलं होतं.

ते त्याने लगेच उघडलं नाही. आधी हात धुतले, टेबल पुसलं, खुर्ची खिडकीकडे ओढली. स्टोअरच्या बाई काही विचारायला आल्या होत्या, त्या तशाच मागे फिरल्या. मग त्याने नाडी सोडली. गेजवर तेलाचा पातळ, सारखा थर होता, एकोणीस वर्षं असे तसाच. ज्याला काढून टाकलं होतं त्याने शेवटच्या दिवशी बसून हे काम पुरं केलं होतं. सोबतच्या पत्रकावर तारीख होती, पेपरात बातमी आली त्याच दिवसाची. आकडा ओळखीच्या अक्षरात. त्याखाली सत्तावीसचा शिक्का, घासला जाण्यापूर्वीचा बहुधा शेवटचा.

त्याने गेज स्वतः मोजून पाहिलं. तीनदा मोजलं. सत्तावीसने लिहिलेला आकडा शेवटच्या दशांशापर्यंत बरोबर होता. राग येऊ शकला असता, हात थरथरू शकला असता, एखादा आकडा इकडचा तिकडे करून याला तोंडघशी पाडता आलं असतं. त्यातलं काही झालं नव्हतं.

मग त्याने शेऱ्याचा रकाना पाहिला.

त्यात पट्टी लावून मारलेली एक आडवी रेघ होती. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, वरच्या अर्ध्याच्या मधोमध, सरळ. खालच्या, याच्या वाट्याच्या अर्ध्या भागातही तशीच दुसरी रेघ. एक अक्षरसुद्धा घुसडायला जागा ठेवली नव्हती. पेन त्याने हातात घेतलं होतं, ते त्याने टोपण लावून खिशाला अडकवलं. डोळे भरून आले, त्याने ते बाहीला पुसले, कागदावर थेंब पडू नये म्हणून मान बाजूला करून. पत्रक फायलीत लावलं. फाईल कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप घातलं. एवढी वर्षं ते कपाट नुसतं ओढून घेतलेलं असे.

पिशवी दर वर्षी धुवायला घरी जायची, तशी ती त्याने नेली. बायकोने ती हातात घेऊन उजेडात उलटसुलट केली.

“अगंबाई, नाडी नवीन घातलीय की हो! जुनी तुटायला आली होती, मीच म्हणत होते बदलायची म्हणून. सगळं व्हायच्या आधीच घातली असेल, नाही?” ती थोडा वेळ नाडी चाचपत राहिली. मग त्याच्याकडे न बघता तिने विचारलं, “आणि शेऱ्यात काय लिहिलंय त्यांनी?”

तो चपला काढत होता. दुसरी चप्पल पायातून निघायला जरा वेळ लागला.

“माप बरोबर आहे,” तो म्हणाला.